थाई सॅलडचं ड्रेसिंग, आठवडी बाजाराच्या पिशवीतून

थाई सॅलडचं ड्रेसिंग करायचं ठरलं की लोक आधी मोबाइलवर परदेशी सामान शोधायला बसतात. त्याची गरज नाही. लिंबू, गूळ, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, चिंच आणि शेंगदाणे एवढ्यावर बहुतेक काम भागतं, आणि गंगाखेड असो की अंबाजोगाई, कुठल्याही आठवडी बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. बाहेरून आणायची वस्तू एकच, ती म्हणजे फिश सॉसची बाटली. शाकाहारी घरात तीही लागत नाही. त्याचं पुढे सांगते.

सामान सोपं आहे, चव जुळवणं अवघड. पाककृतीत लिहिलेलं माप जसंच्या तसं घेतलं तरी एकदा झकास जमतं आणि पुढच्या वेळी तोंड वाकडं होतं. कारण लिंबू-गूळ कारखान्यातून येत नाहीत. पावसाळ्यातलं रसरशीत लिंबू आणि वैशाखातलं सुकलेलं लिंबू यांचा रस सारखा नसतो, आणि दोन गुऱ्हाळांचा गूळही सारखा नसतो. म्हणून खाली मापं दिली आहेत ती सुरुवात करून देण्यापुरती. पुढचं जिभेवर सोपवायचं आहे. जीभ कशी वापरायची हेच या लेखात जरा सविस्तर सांगायचं आहे.

हे नेमकं आहे काय

सॅलड ड्रेसिंग म्हटलं की डोळ्यांसमोर मेयोनीजसारखं पांढरं, दाट काहीतरी येतं, नाहीतर ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. थाई ड्रेसिंग यातलं काहीच नाही. थायलंडमध्ये ‘याम’ म्हणतात त्या कालवलेल्या सॅलडांचं एक मोठं घराणंच आहे. त्यांच्यावर पडतं ते पाण्यासारखं पातळ, बिनतेलाचं आणि झणझणीत. त्यात चार चवी असतात: खारट, आंबट, गोड, तिखट. तेल नसल्यामुळे ते भाजीला चिकटून बसत नाही, ताटलीच्या तळाशी जमतं. ते तसंच जमू द्यायचं. खाताना खालचा रस वर घेत खायचं.

याच जातकुळीतलं, जगभर गाजलेलं सॅलड म्हणजे सोम तम. कच्च्या पपईचा कीस खलात लसूण-मिरचीबरोबर हलकेच ठेचून ते करतात. थायलंडच्या ईशान्येला ईसान नावाचा प्रदेश आहे, खोरात पठाराचा, आणि पलीकडे लाओस. हे सॅलड तिथलं. ईसानात जमीन रेताड, पाऊस लहरी, आणि माणसं पोटापाण्यासाठी बँकॉक गाठणारी. थायलंडचा मराठवाडाच म्हणा ना. त्या माणसांबरोबर सोम तम बँकॉकच्या फुटपाथवर आलं आणि मग सगळीकडे पसरलं. ही माहिती नुसत्या गमतीसाठी देत नाही. हे खाणं मुळातच साध्या घरातलं, हाताशी असेल त्यातून करायचं आहे. त्यामुळे पाम शुगर (ताडाचा गूळ) नाही म्हणून उसाचा गूळ घातला तर काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हाताला सवयीची नाही. आपल्या आमटीत आणि चिंचेच्या सारात आंबट-गोड पुढे असतं आणि मीठ मागून आधार देतं. थाई ड्रेसिंगमध्ये खारट आणि आंबट दोघं खांद्याला खांदा लावून पुढे असतात आणि गोड मागे राहतं. मराठी हाताने केलेलं पहिलं थाई ड्रेसिंग बहुतेक वेळा लिंबाच्या सरबतासारखं होतं ते यामुळेच. त्यात लिंबू कमी नसतं, खारट कमी असतं.

सामान

चार माणसांच्या सॅलडला, म्हणजे साधारण 400 ग्रॅम चिरलेल्या भाजीला हे पुरतं:

फिश सॉस 2 मोठे चमचे
लिंबाचा रस 3 मोठे चमचे
किसलेला गूळ दीड मोठा चमचा, दाबून
कोमट पाणी 1 मोठा चमचा
लसूण 3 पाकळ्या
हिरव्या मिरच्या 2 ते 4
कोथिंबिरीची मुळं 2 किंवा 3

मोठा चमचा म्हणजे 15 मिलिलिटरचा. मापाचा चमचा घरात नसेल तर कुठलाही एकच चमचा सगळ्याला वापरा. इथे आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचं.

आता एकेकाविषयी.

लिंबू. परदेशी पाककृतीत जे लहान, हिरवं, पातळ सालीचं लिंबू सांगितलेलं असतं ते म्हणजे आपलं कागदी लिंबू. थायलंडमध्येही हीच जात वापरतात. सुपरमार्केटमधलं ते मोठं, पिवळं, जाड सालीचं महागडं लिंबू विकत घेऊ नका, त्याची चव वेगळी. आपल्याकडे तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या प्रमालिनी आणि विक्रम या कागदी लिंबाच्याच जाती आहेत. म्हणजे या बाबतीत आपण बँकॉकपेक्षा मागे नाही. एका मध्यम लिंबातून एक मोठा चमचा रस निघतो, चांगलं असेल तर थोडा जास्त. लिंबू आधी पोळपाटावर तळव्याने दाबून फिरवा, मग कापा. पिळताना शेवटचा थेंब काढायच्या हट्टाने साल चुरगाळू नका, सालीतला कडवटपणा रसात उतरतो. बिया तर लगेच काढा.

उन्हाळ्यात लिंबाचे भाव आभाळाला टेकले की निम्मा रस लिंबाचा आणि निम्मा चिंचेचा कोळ असं करता येतं. ही तडजोड नाही, कारण बँकॉकी पद्धतीच्या सोम तममध्ये लिंबू आणि चिंच दोन्ही असतात. चिंच घरची असेल तर एक ध्यानात ठेवा: वर्षाची चिंच फोडून आपण मीठ लावून गोळे करून ठेवतो. ते मीठ कोळात उतरतं. म्हणून फिश सॉस थोडा राखून घाला. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हाताला लागली तर सोडू नका.

गूळ. थाई पाककृतीत पाम शुगर असते, म्हणजे ताडाच्या किंवा नारळाच्या रसाचा गूळ. तिची चव सौम्य, थोडी दुधाळ असते. आपला उसाचा काळपट गूळ एकटा घातला तर ड्रेसिंगला काकवीचा वास येतो आणि लिंबू त्यात हरवतं. त्यामुळे गूळ फिक्या रंगाचा घ्या. घरात काळाच असेल तर निम्मा गूळ आणि निम्मी साखर घ्या. मला ही निम्मी-निम्मी जोडीच जास्त आवडते. नुसत्या साखरेने चव पोकळ लागते. आणि गूळ कधीही थेट खलात टाकून सोडू नका. वाटीत कोमट पाण्यात विरघळवा, वाटी दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि तळाशी काय बसतं ते बघा. बारीक रेती, उसाची चुई, कधी पोत्याचा धागा. चहाच्या गाळणीने गाळूनच वापरा.

मिरची. थाई स्वयंपाकातली बारीक मिरची भलती तिखट असते. आपल्याकडे तिच्या जवळची म्हणजे बारीक लवंगी. सिल्लोड-भोकरदनकडची मिरची खाणाऱ्यांना तिखटाचं काय सांगायचं! तरी पहिल्या वेळी दोनच घ्या, कारण कच्ची मिरची आंबट रसात मुरली की पंधरा मिनिटांनी जास्त चढते.

कोथिंबिरीची मुळं. थाई स्वयंपाकात मुळं, लसूण आणि मिरं एकत्र कुटून वाटण करतात आणि ते कशाकशात घालतात. मुळाला पानापेक्षा जास्त भरीव, मातकट सुगंध असतो, आणि ठेचलं तरी तो टिकतो. मोठ्या शहरांत मुळं छाटलेली, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली कोथिंबीर मिळते. आपल्या बाजारात जुडी अजून मुळासकट, चिखलासकट येते. तरी भाजीवाली सवयीने मुरगाळून मुळं तोडायला लागते, तेव्हा तिला थांबवावं लागतं.

“मावशी, मुळ्या राहू द्या.”

“मुळ्यांचं काय करता वं ताई? गाईला घालता का?”

“चटणीत घालते.”

“घाला बाई, लोकं काय काय खातेत,” म्हणत मावशीने जुडी तशीच पिशवीत टाकली, आणि वर एक मूठभर जास्तीच्या मुळ्या फुकट दिल्या.

मुळं पाण्यात पंधरा मिनिटं भिजत घाला. मग सुरीच्या पाठीने वरची पातळ साल खरवडा, खाली पांढरं स्वच्छ मूळ निघतं. बुडखा आणि मूळ यांच्या बेचक्यात माती अडकलेली असते, तिथे नखाने साफ करा. देठाचा बोटभर भाग मुळाला राहू द्या, तोही कामाचा.

लसणाचं फार सांगण्यासारखं नाही. बारीक पाकळ्यांचा गावरान लसूण घेतलात तर चार-पाच पाकळ्या घ्या.

फिश सॉस. हा लहान मासे आणि मीठ मोठ्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून गाळलेला तांबूस पातळ अर्क. बाटलीवरची यादी वाचा: मासे, मीठ, फार तर थोडी साखर, एवढंच असेल तर बाटली चांगली. बाटली उघडली की वास नाकात जातो, आणि ज्यांच्या घरी कधी सुकट भाजली गेली नाही ते दचकतात. पण लिंबू आणि गूळ पडल्यावर तो वास मागे सरतो आणि मागे राहते ती भरीव चव. झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर दुधालासुद्धा वास लागेल आणि घरात बोलणी खावी लागतील.

फिश सॉसमध्ये मीठ फार असतं. एका मोठ्या चमच्यात साधारण साडेतीन ग्रॅम. वरच्या मापाने चौघांत वाटलं तरी माणशी पावणेदोन ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. त्या जेवणात पापड-लोणचं बाजूला ठेवलेलं बरं, आणि रक्तदाबवाल्यांनी ड्रेसिंग निम्मंच घ्यावं.

करायचं कसं

खलबत्ता दगडी असेल तर उत्तम. लोखंडी असेल तर त्यात लसूण-मिरची कुटा, पण लिंबू आणि चिंच त्यात घालू नका. आंबटाने लोखंडाचा उग्र स्वाद येतो. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यालाही हेच लागू. पुढचं काम काचेच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या वाडग्यात करा.

आधी मुळं बारीक चिरून खलात टाका, वर चिमूटभर खडे मीठ. मिठामुळे मुळं घसरत नाहीत, पकडीत येतात. धागे मोडेपर्यंत कुटा. मग लसूण घाला आणि तोही चिरडून घ्या. मिरची सगळ्यात शेवटी, आणि तिला फक्त दोन-चार ठोके. आपण ठेचा करतो तितकं इथे कुटायचं नाही. मिरचीचे तुकडे डोळ्यांना दिसले पाहिजेत, म्हणजे ज्याला नको तो बाजूला काढू शकतो. मिक्सरचा मोह टाळा. तीन पाकळ्या लसूण मिक्सरच्या पात्याखाली फिरतही नाही, भिंतीला चिकटून बसतो.

आता हे वाटण वाडग्यात काढा. त्यावर गाळलेलं गुळाचं पाणी ओता. मग फिश सॉस. ढवळा. इथे थांबा आणि एक थेंब चाखा. खारट-गोड, जड, काहीसं नकोसं लागेल. तसंच लागायला हवं.

लिंबाचा रस सगळ्यात शेवटी, आणि तोही दोन हप्त्यांत. आधी दोन चमचे, मग चाखून उरलेला. लिंबू आधी घातलं तर आंबट किती हे शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय पिळून ठेवलेल्या रसाचा तजेला लवकर जातो. म्हणून सॅलड वाढायच्या वेळीच लिंबू पिळा.

फोडणी नको. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण कोशिंबिरीच्या सवयीने हात आपोआप मोहरी-हिंगाच्या डब्याकडे जातो. फोडणी घातली तरी खायला छान लागेल, पण मग ती कोशिंबीर झाली. दहीही नको.

चाखायचं कसं

नवशिक्यांची गल्लत इथे होते. चमच्यात ड्रेसिंग घेऊन तसंच चाखलं की ते इतकं जहाल लागतं की माणूस घाबरून पाणी ओततो. मग भाजीवर घातल्यावर ते अगदी मिळमिळीत होतं. ड्रेसिंग एकटं खायचं नसतंच. काकडीची एक चकती घ्या, ती ड्रेसिंगमध्ये बुडवा, निथळू द्या आणि खा. काकडीसकट चव बरोबर लागली पाहिजे. चकतीबरोबर थोडं जास्तच तीव्र वाटलं तर ते योग्य आहे, कारण पुढे भाजीला पाणी सुटणार आहे.

आता चव कुठे झुकली ते ओळखा. नुसतं आंबट लागतंय, जिभेच्या कडा आकसतात पण चव मोकळी, पातळ वाटते? मग गूळ घालायची घाई करू नका. आधी अर्धा चहाचा चमचा फिश सॉस घाला आणि परत चाखा. दहापैकी आठ वेळा तेवढ्याने काम होतं. तरी आंबट असेल तर मग गूळ, चिमटीने. खारट जास्त झालं तर लिंबू आणि गूळ दोन्ही थोडं थोडं घाला. एकटं लिंबू घातलं तर खारट-आंबट असं दोन्ही टोकांचं होऊन बसतं. गोड झालं तर लिंबू. तिखट आवाक्याबाहेर गेलं तर ड्रेसिंगमध्ये काही करू नका, भाजी वाढवा, वर शेंगदाणे जास्त पेरा.

दर दुरुस्तीनंतर अर्धा मिनिट थांबा आणि साधं पाणी पिऊन परत चाखा. लागोपाठ चार वेळा चाखलं की जीभ बधिर होते आणि माणूस मीठ ओततच सुटतो. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चकती द्या. स्वयंपाक न करणाऱ्या माणसाची जीभ या कामाला फार चांगली, कारण त्याला मेहनतीची माया नसते.

मासे न खाणाऱ्या घरासाठी

फिश सॉसच्या बाटलीवर मांसाहाराची तपकिरी खूण असते, हे पाहुण्यांना वाढण्याआधी लक्षात असू द्या. पाहुण्यांना आधीच सांगा, लपवून खाऊ घालू नका.

त्याऐवजी 2 मोठे चमचे लाइट सोया सॉस आणि पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ. सोया सॉस फिश सॉसपेक्षा कमी खारट असतो म्हणून हे वरचं मीठ. चायनीजच्या गाड्यावरचा काळाकुट्ट, दाट डार्क सोया घेऊ नका. तो रंगासाठी असतो, त्याने सॅलड डांबरासारखं दिसतं. सोयाबरोबर एक पूर्ण पिकलेला गावरान टोमॅटो ठेचून, साल काढून घाला. फिश सॉसमधली जी भरीव चव, तिच्यामागे ग्लुटामेट नावाचं द्रव्य असतं, आणि ते पिकलेल्या टोमॅटोतही असतं, सोयातही. लसूण चालत नसेल त्या घरात लसूण आणि मुळं दोन्ही वगळा, त्याऐवजी गवती चहा वापरा. पाती चहात टाका. इथे घ्यायचा तो बुडाचा फिकट, टणक भाग. बाहेरचे दोन थर काढले की आतला कोवळा गाभा मिळतो. तो जितका पातळ चिरता येईल तितका चिरा, जाड राहिला तर चघळत बसावं लागतं. परसात गवती चहाचं बेट असेल तर एक फुटवा मुळापाशी कापून घ्या, बेटाला काही होत नाही.

दाण्याचं दाट ड्रेसिंग

लहान मुलांना आणि तिखट न खाणाऱ्यांना हे जास्त आवडतं. थायलंडमध्ये उकडलेली अंडी, बटाटा, काकडी, तळलेलं टोफू (सोयाबीनचं पनीर) यांच्यावर दाणे आणि नारळाच्या दुधाचं असं दाट ड्रेसिंग घालतात.

अर्धी वाटी शेंगदाणे मंद आचेवर सालीला काळे ठिपके पडेपर्यंत भाजा, चोळून साल पाखडा. निम्मे भरड कुटा, निम्मे बारीक. कढईत अर्धी वाटी नारळाचं दूध गरम करा, त्यात एक चमचा लाल मिरचीचं तिखट आणि दोन पाकळ्या ठेचलेला लसूण घालून मिनिटभर शिजवा. 3 मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, 2 मोठे चमचे गूळ, दीड मोठा चमचा सोया आणि सगळे दाणे घाला. दाट होत आलं की उतरवा. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, तेव्हा कोमट पाण्याने सारखं करा. काळं तिखट वापरू नका, त्यातला मसाला थाई चवीशी भांडतो. दाण्याची ऍलर्जी असणाऱ्यांना हे ड्रेसिंग चालणार नाही, आणि वर पेरलेले दाणेही नाहीत.

कशावर घालायचं

कच्ची पपई मिळाली तर सोम तमच करा. पपई पूर्ण हिरवी, आतून पांढरी हवी. आत केशरी झाक दिसली की ती सॅलडला गेली. सोलताना चीक निघतो, म्हणून हाताला तेल लावा, आणि लांब काड्यांसारखा कीस थंड पाण्यातून काढून निथळा. चवळीच्या कोवळ्या शेंगा बोटभर तुकडे करून कच्च्याच खलात हलक्या ठेचा, त्यात टोमॅटोच्या फोडी, मग पपई आणि ड्रेसिंग. खलात एका हाताने हलकं दाबायचं आणि दुसऱ्या हाताने चमच्याने खालचं वर करायचं. पपई मऊ पडता कामा नये, नुसती दुखावली पाहिजे. मूळ पदार्थात सुकवलेली कोळंबी असते. सुकट खाणाऱ्यांनी बाजारातली सुकट निवडून, झटकून, कोरडी भाजून एक चमचाभर टाकावी. झटकण्यात आळस केला तर दाताखाली वाळू येते. गरोदर बायकांनी कच्ची पपई खाऊ नये, त्यांना काकडीचं किंवा गाजराचं करून द्या.

पावसाळ्यात वाळूक मिळतं. मला विचाराल तर या ड्रेसिंगला पपईपेक्षा कोवळं वाळूकच जास्त शोभतं. ते बियांसकट कुरकुरीत लागतं आणि स्वतःचा थोडा आंबूस स्वाद बरोबर घेऊन येतं, त्यामुळे लिंबू अर्धा चमचा कमी घाला. काकडी घेतली तर मधला बियांचा गर काढा, नाहीतर पाच मिनिटांत वाडग्यात पाणीच पाणी.

उन्हाळ्यात कैरी. तिचा कीस मुळातच आंबट, म्हणून लिंबाचं माप एकदम एका चमच्यावर आणा आणि गूळ दोन चमचे करा. थायलंडमध्ये पपनसाच्या पाकळ्यांचंही सॅलड करतात. तसंच जालन्याची मोसंबी घेऊन करता येतं: फोडींची पातळ साल काढा, गर मोडू देऊ नका, गूळ निम्म्यावर आणा आणि वर पुदिन्याची पानं व भाजलेले दाणे टाका. मोसंबीला फार ढवळू नका. मोड आलेले मूग, कोबी, मुळा यांच्यावरही ड्रेसिंग चालतं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

400 ग्रॅम भाजीवर सगळं ड्रेसिंग एकदम ओतू नका. आधी दोन तृतीयांश घाला, कालवा, चाखा, मग उरलेलं. दाणे अगदी ताटं वाढताना. कूट नको, अर्धे-चतकोर तुकडे हवेत.

ठेवायचं कसं

गुळाचं पाणी आणि फिश सॉस एकत्र करून, लिंबू-लसूण-मिरची न घालता, काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस छान राहतं. पाहुणे यायचे असतील तर हे आधी करून ठेवा, ऐन वेळी बाकीचं घातलं की पाच मिनिटांचं काम. लसूण आणि लिंबू पडलेलं तयार ड्रेसिंग दोन दिवसांत संपवा, तेही फ्रिजमध्ये ठेवूनच. आपल्याकडच्या 42 अंशांच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर ठेवण्यात अर्थ नाही. दाण्याचं ड्रेसिंग नारळाच्या दुधामुळे लवकर आंबतं, त्याला एकच दिवस.

कालवलेलं सॅलड उरलं तर दुसऱ्या दिवशी ते सॅलड राहत नाही. भाजी निथळून काढून, ज्वारीच्या भाकरीबरोबर तोंडी लावा. खाली उरलेला रस भाजलेल्या कणसावर चोळा, किंवा उकडलेल्या शेंगांच्या दाण्यांवर कांदा-कोथिंबीर टाकून वर शिंपडा.